ससाणे छपरावर बसले

१

शनिवारची सकाळची शाळा सुटली की दुर्गा घरी येई, दशम्या आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधी, वडिलांची जुनी दुर्बीण गळ्यात अडकवी आणि नवऱ्याला म्हणे, "चला." वेणीमाधव टोपी घालून तयारच असे. दिवाळी सरली की महिन्यातला एखादा शनिवार-रविवार असा काढायचा, हे गेली तीन वर्षं ठरूनच गेलं होतं. टांगा करायचा, सोलापूर मागे टाकून बार्शीच्या रस्त्याला लागायचं आणि मध्येच आत वळून माळावरच्या सरकारी बंगल्यात मुक्काम टाकायचा.

त्या माळावर हिवाळ्यात ससाणे येत. पार हिमालयापलीकडून, रशियाच्या मुलखातून. दिवसभर ते गवतावरून येरझाऱ्या घालत, शेंड्यांना पोट घासेल इतक्या खालून, मान खाली घालून, नाकतोडे नि उंदीर हुडकत. सूर्य कलला की चारी दिशांनी शेकड्यांनी गोळा होत आणि गवतात उतरत. ही जात रात्री झाडावर बसत नाही, छपरावर बसत नाही. गवतात, जमिनीवर, एकमेकांत हातभर अंतर राखून झोपते. ते उतरणं बघायला दुर्गा जाई. मुलींच्या शाळेत ती सृष्टिज्ञान शिकवी, पण हे काही ती मुलींसाठी बघत नव्हती. सगळ्या संसारात ही एक गोष्ट तिची स्वतःची होती.

यंदा तीही राहिली नाही. शाळेतून ती घरी आली तर दाराशी थोरल्या दिरांची मोटार उभी, आणि मागच्या बाकावर बंदूक.

आबासाहेब वकील होते. कुठल्याशा साहेबाच्या दिवाणखान्यात त्यांनी पेंढा भरलेला ससाणा पाहिला होता आणि तेव्हापासून तसाच एक आपल्याही दिवाणखान्यात असावा असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ते भावजयीशी थेट बोलत नसत, ती समोर उभी असली तरी.

"वेणू, तिला म्हणावं, डबा तिघांचा घे."

दुर्गाच्या कानशिलात रक्त चढलं. नऊ वर्षांत या माणसाने तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. आणि नाव त्यांनीच तर बदललं होतं. माहेरची शकुंतला लग्नात दुर्गा झाली ती यांच्या पसंतीने.

स्वयंपाकघरात तिने नवऱ्याला गाठलं. "बंदूक कशाला?"

"एकच मारतो म्हणालेत. दादांना नाही कसं म्हणू मी?"

"तोंडाने म्हणायचं."

वेणीमाधव हसला. वाईट वाटलं की तो असाच हसे. दशम्यांची गाठ तिने इतकी आवळली की फडकं टरकलं.

२

बंगला म्हणायचा एवढंच. दोन खोल्या, पुढे पडवी, वर पत्रा. दुपारी पत्रा तापून तडतडे आणि संध्याकाळी निवताना पुन्हा तडतडे. मागच्या खोलीला एकच खिडकी, लाकडी झडपांची, ती थेट माळाकडे उघडे. बंगल्याभोवती वणव्याच्या भीतीने गवत काढून मातीची मोकळी पट्टी ठेवलेली, आणि पट्टीपलीकडे नुसतं गवत. वाळलेलं, पिवळं, नजर जाईल तिथवर.

राखणदार जोतीराम किल्ली घेऊन आला. दुर्गाने गवताकडे पाहिलं. दरवर्षी ते गुडघ्याला लागे. यंदा कमरेच्या वर होतं.

"एवढं कसं हो वाढलं, जोतीराम?"

"चरायलाच कोन न्हाय की, बाई. मेंढरं आत जाईनात औंदा. कडंकडंनं खात्यात आन् माघारी फिरत्यात. कुत्रं आत घालावं तर जाग्यावर बसकन मारतंय."

"लांडगा असेल," आबासाहेब मोटारीतून उतरत म्हणाले. "दिसला तर त्यालाही उडवू."

दुर्गालाही तसंच वाटलं. या माळावर लांडगे होतेच. पण आपल्याला या माणसाशी सहमत व्हावं लागतंय याचाच तिला राग आला. जोतीरामने पाण्याची घागर भरून ठेवली, कंदिलात तेल घातलं आणि सकाळी येतो म्हणून तो गावाकडे गेला. जाताना तो बांधाच्या कडेने, लांबच्या वाटेने गेला. गवतातली जवळची पायवाट त्याने सोडून दिली, हे तिने पाहिलं आणि रागाच्या भरात तिथेच विसरली.

३

ऊन उतरायला लागलं तेव्हा तिघं पडवीत बसले होते. पहिले ससाणे दिसू लागले. राखी रंगाचा एक नर अगदी जवळून, पट्टीच्या कडेकडेने आला. पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. दुर्गाने दुर्बीण डोळ्याला लावली.

"वेणू, दुर्बीण इकडे दे म्हणावं."

वेणीमाधवने हात पुढे केला. तिने दुर्बीण काढली नाही. मग त्याने हळूच, माफी मागितल्यासारखा, तिच्या मानेवरून पट्टा ओढून घेतला. तिच्या वडिलांची दुर्बीण आबासाहेबांनी डोळ्याला लावली, पक्षी न्याहाळला आणि मंडईत वांगी निवडावीत तशा आवाजात म्हणाले, "हाच."

बार झाला. नर हवेतच गोळा झाला, कलंडला, एक पंख फडफडवत गवतात पडला. आत कुठेतरी तो अजून फडफडत होता. ऐकू येत होतं.

"जिवंत आहे तो," दुर्गा म्हणाली. दिराकडे बघून, सरळ. "मारलाय तर नीट तरी मारा."

आबासाहेबांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. दुर्बीण गळ्यात, बंदूक खांद्यावर, असे ते पट्टी ओलांडून गवतात शिरले. कमरेपर्यंत बुडाले. पाठ दिसत राहिली, मग टोपी, मग एका उंचवट्यामागे टोपीही गेली. फडफड थांबली.

"पोचले," वेणीमाधव म्हणाला.

"तुम्ही माझ्या गळ्यातून ओढून घेतलीत," दुर्गा म्हणाली. "कुणी सांगितलं म्हणून माझ्या गळ्याला हात घातलात."

"दुर्गा, दादांनी बापाच्या जागी मला—"

"बापाच्या जागी! तुमच्या बापाने तुम्हाला मान वर करायला शिकवलं असतं."

ती भांडली. नऊ वर्षांचं साचलेलं सगळं तिने त्या पडवीत ओतलं. नोकरी सोड म्हणून आबासाहेबांनी त्याच्याकरवी धाडलेले निरोप, सणाच्या दिवशी तिच्या माहेरच्यांना दारातून फिरवणं, आणि त्या प्रत्येक वेळी याचं ते हसू. वेणीमाधव पायरीवर बसून ऐकत राहिला. भांडणाच्या भरात सूर्य केव्हा टेकला ते दोघांनाही कळलं नाही. आबासाहेब परत आले नव्हते.

४

ससाणे आले. दक्षिणेकडून, पूर्वेकडून, एकेक, दोनदोन, मग थवेच्या थवे. माळावर ते घिरट्या घालू लागले. दुर्गाचा राग या वेळी दरवर्षी शांत होई. ती त्याचीच वाट बघत होती. आता पहिला पंख मिटेल, आता पहिला पाय खाली सुटेल.

एकही उतरला नाही.

एक मादी खाली आली, गवताला टेकणार इतक्यात पंख झाडत वर उठली. दुसरी तशीच. सगळं आकाश गोल फिरत होतं आणि अंधार पडत चालला होता.

"बंदुकीला बिचकले," ती मोठ्याने म्हणाली. ते खरं असणार. बार झालेल्या जागी पक्षी लगेच कसे उतरतील?

मग डोक्यावर, पत्र्यावर, नखं वाजली.

एक. मग दोन. मग गारा पडाव्यात तसा पत्रा वाजू लागला. दुर्गा पट्टीवर उतरली आणि मागे वळून पाहिलं. छपराची वळचण, पन्हळ, पडवीची कडा, सगळीकडे ससाणे. खांद्याला खांदा लावून, जागेसाठी एकमेकांना ढकलत, पण चोच न उघडता. थंडीने आकसलेली माणसं शेकोटीला बसावीत तसे. आणि सगळ्यांची तोंडं माळाकडे.

"हे असं कधी बसत नाहीत," ती म्हणाली. "आत चला तुम्ही."

"दादा यायचेत अजून."

"आत चला म्हणते ना!"

५

मागच्या खोलीत कंदील लावून त्यांनी खिडकी अर्धवट उघडी ठेवली, उजेड दिसावा म्हणून. वर पत्र्यावर नखं सरकत होती. बाकी आवाज नाही. रातकिडेसुद्धा नाहीत.

वेणीमाधवने दोनदा हाक मारली. "दादा! ओ दादा!"

तिसऱ्यांदा हाक मारायच्या आधी उत्तर आलं.

"वेणू, कंदील घेऊन ये रे."

आबासाहेबांचाच आवाज. शेवटी तो घसा खाकरणंही त्यांचंच. वेणीमाधवच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी पसरलं. त्याने कंदील उचलला.

"थांबा," दुर्गा म्हणाली. "पाय मुरगळला म्हणतायत का? पडलो म्हणतायत का? काय झालं ते का सांगत नाहीत?"

"विचारतो ना जाऊन."

"इथून विचारा."

त्याने खिडकीतून विचारलं. उत्तर आलं, "वेणू, कंदील घेऊन ये रे." तेच शब्द, तोच सूर, शेवटी तेच खाकरणं. पण आता आवाज डावीकडून, बांधाच्या बाजूने आला. मघाशी तो समोरून आला होता. एवढ्या अवधीत एवढं अंतर धावत जायला हवं, आणि गवत तर कुठेच सळसळलं नव्हतं.

माळावर आवाज फिरतो, दुर्गाने मनाशी म्हटलं. सपाट जागा, थंड हवा. आवाज कुठून येतोय ते कळत नाही. शाळेत शिकवते मी हे.

"वेणू, कंदील घेऊन ये रे." उजवीकडून. खाकरणं.

"मी जातो," वेणीमाधव म्हणाला. "तुझा राग आहे त्यांच्यावर म्हणून तू मला अडवतेस. माणूस अंधारात अडकलाय आणि तू हिशोब चुकते करतेस."

हे तिला लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. तिने दाराला पाठ लावली. "व्हय म्हणा नाहीतर न्हाय म्हणा," ती जोतीरामच्या बोलीत, चिडवल्यासारखी, जवळजवळ ओरडली, "आज तुम्ही जायचं नाही!"

६

बाहेर सगळं शांत झालं. मग आवाज अगदी जवळून आला. पट्टीच्या कडेवरून.

"दुर्गा. तू ये."

वेणीमाधवच्या हातातला कंदील हलला आणि खोलीच्या भिंती हलल्या.

"त्यांनी तुला नावाने..." तो म्हणाला.

"घाबरलेत म्हणून," दुर्गा म्हणाली. माणूस संकटात रीत विसरतो. विसरणारच.

"शकू," बाहेरचा आवाज म्हणाला. "शकू, तू ये."

शकू म्हणणारी माणसं तिच्या माहेरी होती, आणि तीही आता एकदोनच उरलेली. आबासाहेबांनी ते नाव कुठे ऐकलं? लग्नपत्रिकेवर शकुंतला होतं. शकुंतलाचं शकू कुणीही करील. तिने हा तर्क अगदी पुरा केला, आणि पुरा झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण दारापासून दोन पावलं पुढे आलो आहोत. खिडकीकडे. आपलं आपण.

मग मात्र तिला असा संताप आला की भीती त्यात बुडाली. घरात नऊ वर्षं मी कुणी नाही, आणि अंधारातून माझं खरं नाव घेऊन मला बोलावता? तेवढंच उरलं होतं माझ्याकडे, तेही उचललंत?

तिची पाठ दारावरून सुटली ती वेळ वेणीमाधवने साधली. कंदील घेऊन तो पडवीत आणि पडवीतून पट्टीवर धावला. "आलो, दादा!" दुर्गा त्याच्यामागे धावली. पट्टीच्या मध्यावर तिने त्याची बंडी धरली, आणि तिथेच दोघं थबकले.

समोर, गवताच्या शेंड्यांवर, आबासाहेबांचा चेहरा होता.

उंची चुकीची होती. उभा माणूस छातीपासून वर दिसला असता, बसलेला दिसलाच नसता. इथे फक्त चेहरा, शेंड्यांना टेकलेला. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. मान खाली, नजर खाली गवतात. आणि तो सरकत होता. डावीकडून उजवीकडे, न डुचमळता, पावलांशिवाय, मग सावकाश वळून उजवीकडून डावीकडे. खालचं गवत हलत नव्हतं. असं फिरणं दुर्गाने तीन हिवाळे दुर्बिणीतून पाहिलं होतं.

"शकू," आवाज आला. ओठ मिटलेले होते.

"दादा," वेणीमाधव रडक्या आवाजात म्हणाला आणि त्याने एक पाऊल टाकलं. चेहरा जागीच थांबला. मग वळला. आता तो त्यांच्या रोखाने येऊ लागला, तितकाच सावकाश, नजर तशीच खाली.

दुर्गाने नवऱ्याच्या हातातून कंदील हिसकला आणि फेकला.

७

काच फुटली, तेल उडालं. त्या गवताला ठिणगीच पुरे होती, आणि वारा बंगल्याकडून माळाकडे होता. फुरर्‍ असा आवाज होऊन आगीची भिंत उभी राहिली. मागे छपरावरून सगळे ससाणे एकदम उठले. पत्रा घणाघणा वाजला आणि त्यांच्या डोक्यावरून पंखांचा लोंढा गेला.

उजेड माळावर पसरत गेला, आणि क्षणभर, धूर चढायच्या आधी, दुर्गाला पार लांबपर्यंत दिसलं.

आबासाहेब एकटे नव्हते. त्यांच्या मागे एक फेटा होता. त्याच्या पलीकडे सुटे केस, बाईचे. त्याच्याही पलीकडे आणखी, लहानमोठे, जिथवर उजेड पोचला तिथवर. सगळे एकाच पातळीवर. सगळ्यांच्या माना खाली. आग त्यांच्याकडे धावत होती आणि ते न बिचकता आपल्या येरझाऱ्या घालत होते, काहीतरी हुडकत.

मग धुराने सगळं झाकलं. कुणी ओरडलं नाही.

८

सकाळी माळ काळा झाला होता. पार क्षितिजापर्यंत राख, आणि राखेतून वर येणारे धुराचे धागे. एकही पक्षी नव्हता. पुढच्या वर्षीही कुठून येणार ते? उतरायला जागाच ठेवली नव्हती तिने. दुर्गा पडवीच्या पायरीवर बसून ते बघत होती आणि तिला रडू येत नव्हतं.

जोतीरामने गावातली माणसं आणली. ओळ धरून त्यांनी राख तुडवली. बंदुकीची नळी सापडली. दुर्बिणीच्या पितळी कड्या सापडल्या, काचा तडकून फुटलेल्या. हाड सापडलं नाही. कोटाचं बटण नाही, बुटाचा खिळा नाही.

"मानूस जळाला तर कायतरी उरतंच की, बाई," जोतीराम हळू आवाजात म्हणाला. "कुटं गेलं सायेब?"

रात्रभर दुर्गाने स्वतःला तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला होता. ते तिथे असतील तर? पाय मोडून गवतात पडलेले, जिवंत, आणि चेहरा हा नुसता तिच्या डोळ्यांचा खेळ असेल तर? तिने नवऱ्याला विचारलं होतं, "तुम्ही काय पाहिलंत?" तो म्हणाला होता, "धूर." पहाटेपर्यंत तिने पुन्हा पुन्हा विचारलं आणि प्रत्येक वेळी तो म्हणाला, "धूर."

दुपारी फौजदार आले. पडवीत खुर्ची टाकून बसले, कागद मांडीवर घेतला.

"आग लागली कशी?"

"कंदील माझ्या हातून पडला," वेणीमाधव म्हणाला.

चटकन, कुणाकडे न बघता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणी सांगितल्याशिवाय काही अंगावर घेतलं होतं. तो आपल्याला वाचवतोय, हे दुर्गाला कळलं. आणि कळल्यावर तिच्या पोटातून तो जुना जाळ परत वर आला. कंदील हातून पडला, म्हणजे समोर काही नव्हतं. म्हणजे वेड्यासारखी एक बाई अंधारात नवऱ्याची बंडी ओढत होती, आणि एक अपघात झाला, आणि झालं.

"पडला नाही," ती म्हणाली. "मी फेकला."

फौजदारांची पेन्सिल थांबली. "फेकला? कशावर?"

दुर्गाने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्याकडे बघत तो मान हलवत होता, अगदी बारीक, फौजदारांना दिसू नये अशी. नको. नको. आणि त्याची नजर तिच्यावरून सुटून तिच्या मागे, काळ्या माळावर गेली आणि तिथे डावीकडून उजवीकडे सरकत राहिली.

म्हणजे त्यानेही पाहिलं होतं. सगळं.

तिने फौजदारांकडे तोंड वळवलं. "लिहून घ्या," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.